बाबासाठी बारका गळ

कोपर, डोंबिवली (प.)
१० नोव्हेंबर २०२४

आदरणीय युजीन अंकल यांस,

सप्रेम जय भीम.

तुम्ही मला ओळखत नाही. तुमचा पत्ता मला कल्याणच्या शालनताईंनी दिला. स्टेशनजवळच्या गल्लीत त्यांचं जाळी, गळ आणि तंगुसाचा दोरा विकायचं दुकान आहे, तिथे मी परवा गेलेले. गोड्या पाण्यात गळ टाकायला इथे कुठे चांगली जागा आहे, असं विचारलं. त्या म्हणाल्या, "जागा माहीत असलेली माणसं पुष्कळ, पण चांगली जागा माहीत असलेला एकच, ठाण्याचा युजीन. आता तो सांगेलच याची गॅरंटी नाय." फोन नंबर मागितला तर हसल्या. तुम्हाला ऐकू कमी येतं, मोबाईल तुम्ही ठेवत नाही, पत्राला मात्र न चुकता उत्तर देता, असं कळलं. शाळेनंतर मी पत्र लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

प्रश्न माझ्या बाबाचा आहे. तो गिरणा नदीच्या काठी वाढला. चालता यायला लागल्यापासून पाण्यात. आई गेली आणि आम्ही त्याला इकडे घेऊन आलो. मी डोंबिवलीत एका लॅबमध्ये रक्त तपासते, माझा नवरा महेंद्र कंपनीत जातो. दिवसभर घरात बाबा एकटा. धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. काठीला दोरा बांधतो, गॅलरीच्या गजांतून खाली सोडतो आणि तिथेच बसून राहतो. खाली वॉचमनची बादली असते, तिच्यात. वॉचमन ओरडतो, बिल्डिंगमधली पोरं हसतात. बाबाला त्याचं काही नसतं.

आणि रोज सकाळी उठला की कापडी पिशवीत दोन कपडे भरून दाराशी बसतो. गावाला जायचं म्हणतो, एकटाच. तिकडे आता त्याचं बघणारं कुणी नाही. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. महेंद्रने मोबाईलवर माशांचे व्हिडिओ लावून दिले, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. संक्रांत झाली की जाणार म्हणजे जाणारच, हे त्याने एकदाच सांगितलं.

आमची कोपरची खाडी घरापासून जवळ आहे. तिथे नेलेलं. त्याने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, थुंकला आणि घराकडे वळला. त्याला गोडं पाणी लागतं. आणि पाण्यापाशी गप्प बसून राहणारी माणसं लागतात, जी मला या शहरात कुठे शोधायची ते समजत नाही. तुम्ही जागा सांगाल का? तुमच्यासोबत कधी नेलंत तर उपकार होतील.

आपली,
दर्शना


माजिवडे गावठाण, ठाणे
१८ नोव्हेंबर २०२४

दर्शना बाय,

तुझा जय भीम पोचला. पत्रही पोचलं. अक्षर चांगलं आहे. मी सगळी नोकरी छापखान्यात केली, मशीनशेजारी उभं राहून कान घालवले आणि डोळे तयार केले, त्यामुळे अक्षराकडे आधी बघतो.

खरं सांगायचं तर जागा विचारणारी पत्रं मी फाडतो. पूर्वी सांगायचो. मग एका गृहस्थाला, चांगला शिकलेला, गाडीवाला, एक डोह दाखवला. पुढच्या आठवड्यात तो मित्रांना घेऊन आला आणि त्यांनी पाण्यात ब्लिचिंग पावडर ओतली. मी गेलो तेव्हा बोटाएवढी पिल्लंसुद्धा पांढरी पोटं वर करून तरंगत होती. त्या दिवशी ठरवलं, मोठ्या माणसाला जागा सांगायची नाही. कुणी कितीही भला दिसला तरी नाही.

पण हा विषय वेगळा आहे. मी पण आईविना वाढलोय. मावशीने वाढवलं. आई गेली त्या वर्षी मी कुणाशी बोलत नव्हतो, असं ती सांगायची. तिने माझ्या हातात काठी दिली आणि खाणीच्या पाण्यावर नेऊन बसवलं. तू त्या पोराची मावशी की काकू, हे मी विचारत नाही. तू "माझा बाबा" लिहिलंस त्यात मला सगळं समजलं. दुसऱ्याच्या पोराला असं म्हणणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. तुला आणि तुझ्या मिस्टरांना माझा सलाम.

आता कामाचं. बाबाला पोहता येतं का? येत असलं तरी काठावर त्याची कॉलर सोडायची नाही. डोक्यावर टोपी हवी. उन्हात मुलं पाण्याकडे बघता बघता चक्कर येऊन पडतात. सोबत बिस्किटं, एखादं चॉकलेट ठेव, म्हणजे कंटाळणार नाही. बारका गळ लाव, मोठा लावलास तर त्याच्याच बोटात घुसेल. शाळा कुठली? आणि उंची कळव, मला त्याच्या मापाची काठी बघायची आहे.

पहिल्यांदा शिळफाट्याच्या पुढे गावातला तलाव आहे तिथे ने, पाठीमागे मारुतीचं देऊळ आहे तो. पाणी उथळ आहे. ठेकेदाराचा माणूस येईल, त्याला माझं नाव सांग. चिलापी मिळेल. बारक्यांना चिलापी बरी, लगेच लागते. तो कसा बसतो ते मला लिही. पुढचं पुढे बघू.

युजीन


कोपर
३ डिसेंबर २०२४

आदरणीय अंकल,

तुमचं पत्र डब्याच्या सुट्टीत वाचलं. वाचता वाचता एवढं हसले की बाजूच्या टेबलावरच्या ऋजुताने विचारलं काय झालं. मग तुमच्या मावशीचं वाचलं आणि डबा तसाच राहिला. तुम्ही किती मायेनं लिहिलंय. तुमचा नियमही पटला. तो मोडायला मी कुठल्या तोंडाने सांगणार, म्हणून फक्त तुमच्या प्रश्नांची उत्तरं देते.

बाबाला पोहता येतं, उत्तम येतं. उंची वयाच्या मानाने बरी आहे. शाळेचं म्हणाल तर शाळा सुटलीय. चॉकलेट नको, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. आणि जागा बघताना पायऱ्या कमी असतील तर बरं, त्याचा गुडघा दुखतो. टोपी मात्र घालतो, न सांगता.

रविवारी तलावावर जाऊन आलो. ठेकेदाराच्या माणसाला तुमचं नाव सांगितलं तर त्याने बसायला गोणपाट आणून दिलं. मी कॉलर धरली नाही, पण शेजारीच बसले. बाबाने गळ टाकलाच नाही. आधी नुसता बघत राहिला. पलीकडे बायका गोधड्या धूत होत्या, तिकडून फेस येत होता. बराच वेळ गेल्यावर तो म्हणाला, "इथलं पाणी झोपलंय." मग काठी गुंडाळली आणि आम्ही रिक्षा पकडली.

अंकल, दोन महिन्यांत "हो", "नको" आणि "गावाला जातो" सोडून त्याने उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. मासा मिळाला नाही तरी मी त्या तलावाची आभारी आहे आणि तुमची जास्त. रात्री तो अर्धी भाकरी जास्त जेवला. पिशवी मात्र सकाळी पुन्हा दाराशी होती.

दर्शना


माजिवडे
१२ डिसेंबर २०२४

दर्शना बाय,

"पाणी झोपलंय." हे मी पुन्हा पुन्हा वाचलं. गावठाणातल्या दोघांना वाचून दाखवलं. आम्ही पाण्यावर म्हातारे झालो, ह्या पोराला दुधाचे दात पडायच्या वयात हे दिसतं. त्या तलावाचा ओढा बिल्डिंगवाल्यांनी बुजवलाय, त्यात आता नवं पाणी येत नाही. मला हे माहीत होतं, आणि तरी बारक्यांसाठी चालेल म्हणून मी तिथे पाठवलं. त्याने बसल्या जागी ओळखलं. बाय, हे पोर साधं नाही. त्याला जप.

गोड बंद केलं ते बरं झालं. दात किडले असतील. आमच्या बियांकाचेही किडले होते. गुडघ्याला हळद लाव, खेळताना पडला असेल. शाळा सुटली म्हणतेस ते मात्र मला आवडलं नाही. जूनमध्ये पुन्हा घाल.

शालनच्या दुकानात एक काठी ठेवली आहे, ती घेऊन जा. बियांका माझी नात. ती चार वर्षांची असताना तिच्यासाठी मी ही बनवली होती. मग ते लोक कॅनडाला गेले. आता ती तिकडे आइस हॉकी खेळते. काठी माळ्यावर पडून होती. घासून तेल लावलं, नवा तंगूस भरला, मोराच्या पिसाचा दांडा तरंगायला लावला, टोकाला अगदी बारका गळ. बाबाने ती वापरली तर माझ्या जिवाला बरं वाटेल.

आधी आम्ही चौघे जायचो. एक मुलाकडे पुण्याला गेला, दोघांना मातीत ठेवून आलो. आता मी एकटा जातो. ऐकू येत नसल्यामुळे तशी सोबत लागत नाही असं मी लोकांना सांगतो. पण मासा लागला की मान आपोआप बाजूला वळते, कुणी बघितलं का म्हणून. ते काही सुटत नाही.

तर माझं ठरलंय. टिटवाळ्याच्या पुढे काळू नदीवर एक डोह आहे. ती जागा मी कुणाला, त्या तिघांनाही, दाखवलेली नाही. बाबाला दाखवणार. मी गेल्यावर तिथे बसणारं कुणीतरी हवं, आणि ते ब्लिचिंगवालं नको. मी चर्चमधला मिस्सा शनिवारी संध्याकाळीच करतो, म्हणजे रविवार पाण्याला मोकळा. नाताळ होऊ दे, मग दिवस ठरवू. तोवर बाबाला म्हणावं, मला दोन ओळी लिही. अक्षर कसंही असलं तरी चालेल. लिहायचा कंटाळा असेल तर चित्र काढ.

युजीन


कोपर
२६ डिसेंबर २०२४

आदरणीय अंकल,

नाताळच्या शुभेच्छा. हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते. बाबा सदुसष्ट वर्षांचा आहे. तो माझा बाप आहे. नाव चांगदेव. गिरणेवरच्या पंपहाऊसमध्ये नोकरी करून रिटायर झाला. गेली ती माझी आई, केशरबाई.

आमच्या घरी वडिलांना अरे-तुरे करतो. आईने मुद्दाम सवय लावलेली. तिच्या बापासमोर ती कधी तोंड उघडू शकली नव्हती, म्हणून तिचं म्हणणं होतं की पोरीने बापाला तू म्हणायचं. मी सगळीकडे "माझा बाबा" असंच म्हणते. डोंबिवलीत त्यात कुणाला काही वाटत नाही. तुमच्या गावठाणात बापाला पपा म्हणतात आणि बाबा म्हणजे घरातलं बारकं पोर, हे शालनताईंनी सांगितलं तेव्हा कळलं.

पहिली चूक अजाणता झाली. दुसरं पत्र मात्र मी जाणूनबुजून तसं लिहिलं. मोठ्या माणसाला तुम्ही जागा सांगणार नव्हता आणि मला बाबा जाऊ द्यायचा नव्हता. मी खोटं एकही वाक्य लिहिलं नाही, असं मनाशी म्हणत होते. पण तुम्ही बियांकाची काठी दिलीत आणि मला जेवण जाईना.

काठी घरी आणली तेव्हा बाबा दाराशी पिशवी घेऊन बसलेला. त्याने ती हातात घेतली. मला वाटलं, एवढीशी काठी बघून ठेवून देईल. त्याने दांडा उन्हात धरून पाहिला, गळाची गाठ नखाने चाचपली आणि म्हणाला, "गाठ थुंकी लावून ओढलीय. म्हणून तंगूस जळला नाही. कोण आहे हा माणूस?" मग मी त्याला सगळी पत्रं वाचून दाखवली. दुधाच्या दातांपाशी तो हसायला लागला. अंकल, आई गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. त्याची कवळी हलायला लागली, ती त्याने काढून हातात घेतली आणि पुन्हा हसला. महेंद्र आतून धावत आला.

तरीही त्याने तिकीट काढायला लावलंच. बावीस जानेवारीचं आहे. तुम्ही रागावला असाल तर मला बोला, बाबाची यात चूक नाही. तुम्ही गळ टाकता, मला तेवढी गळ घालता येते. एक रविवार त्याला तुमच्या बाजूला बसू द्या. कुठल्याही पाण्यावर चालेल, तुमचा डोह नको.

दर्शना


माजिवडे
२ जानेवारी २०२५

श्रीमती दर्शना यांस,

पत्र मिळालं.

ख्रिसमसच्या जेवणाला मी त्या पोराबद्दल सगळ्या घराला सांगितलं. टेबलावर त्याच्यासाठी प्रार्थना झाली. आता मी त्यांना काय सांगू?

बियांकाची काठी शालनच्या दुकानात आणून ठेवावी. जागेचा विषय संपला.

युजीन


कोपर
८ जानेवारी २०२५

युजीनभाऊ यांस चांगदेवचा जय भीम.

आपली काठी शालनताईंकडे ठेवत आहे, तिच्यासोबतच हे पत्र. काठीच्या टोकाशी बारीक चीर होती. माळ्यावर वाळल्यामुळे गेली असेल. रेशमाच्या दोऱ्याने बांधून वर लाख लावली आहे. आपल्या नातीची आहे, म्हणून विचारल्याशिवाय हात लावायला नको होता. पण चीर बघून राहवलं नाही.

पोरीने आपल्याला फसवलं याचं मला वाईट वाटतं. ती तशी नाही. माझ्यापायी तिने ते केलं. मी तिला त्रास देतो हे मला कळतं. पण तिसऱ्या मजल्यावर माणसाने किती दिवस बसावं? ती दोघं कामावर गेली की दुपारभर फ्रिजचा आवाज ऐकतो. पंपहाऊसमध्ये चाळीस वर्षं मोटारीचा आवाज ऐकला, त्यात कान गेले नाहीत, पण फ्रिजच्या आवाजाने डोकं जातं. आपण वॉचमनच्या बादलीचं वाचलं असेल. मला ठाऊक आहे तिच्यात मासे नसतात. हातात दोरा असला म्हणजे बरं वाटतं, इतकंच.

आपण लिहिलं होतं, दोन ओळी लिही नाहीतर चित्र काढ. ते आपण पोराला लिहिलं होतं, तरी मी काढलं आहे. मागच्या पानावर बघा.

ती गिरणा आहे. डावीकडे चौकोन काढला ते पंपहाऊस. त्याच्या मागे फुटकी भिंत, भिंतीला धरून पायवाट, आणि जिथे बाण काढला आहे तिथे उंबर. उंबराचं एक मूळ पाण्यात गेलं आहे. त्या मुळाच्या पलीकडे, हात लांब केला तर पोचेल एवढ्यावर, मरळ असते. उंबरं पाण्यात पडतात, ती खायला बारके मासे येतात, आणि त्यांना खायला ती येते. वैशाखातही तिथलं पाणी आटत नाही. बारका गळ लावू नका, मरळ तोडते.

ही जागा मी कुणाला सांगितली नाही. बरोबरच्या ऑपरेटरांना नाही, सख्ख्या भावाला नाही. केशरलाही सांगितली नव्हती. एक दिवस ती भाकरी घेऊन शोधत शोधत आली आणि मग रोजच यायला लागली. माझ्यापासून जरा लांब बसायची. मासा लागला की मी तिच्याकडे बघायचो. आपण मान वळते म्हणून लिहिलंत, ते दर्शनाने वाचलं तेव्हा मी तिला पुन्हा वाचायला लावलं.

गावाला मी त्याच जागेसाठी जातो आहे. पण काल चित्र काढताना लक्षात आलं की उंबर काढला, पाणी काढलं, आणि बाजूची जागा कोरीच राहिली. तेव्हा ती जागा आपल्याला देतो. कधी त्या बाजूला गेलात तर बसा. बदल्यात मला काही नको. आपला डोह आपल्याकडेच ठेवा. मी आपल्या जागी असतो तर मीही सांगितला नसता.

दर्शनाला हे पत्र दाखवलेलं नाही.

आपला,
बाबा


माजिवडे
१३ जानेवारी २०२५

बाबा यांस,

चित्र मिळालं. मी भिंग लावून पाहिलं. छापखान्यात असतो तर मोठं करून छापलं असतं. उंबराचं मूळ असं काढायला माणूस त्या मुळावर बसलेला असावा लागतो.

टोकाची चीर मला दिसली नव्हती. मी स्वतः तेल लावलं आणि मला दिसली नाही. तुमचा दोरा बघितला. एकावर एक फेरा, कुठे फट नाही, आणि शेवटचं टोक कुठे लपवलंय ते मला अजून सापडलेलं नाही. असं काम करणारा माणूस मला ह्या वयात भेटतोय याचा आनंद मानू की आधी का नाही भेटला म्हणून हळहळू, ते ठरत नाही.

आजवर कुणी मला आपली जागा दिली नाही. मागितल्या सगळ्यांनी. तुमचं पत्र वाचून मी उठलो आणि अंगणात जाऊन उभा राहिलो. सुनेने विचारलं काय झालं. मी म्हटलं, मासा लागला.

आता माझा नियम. मोठ्या माणसाला जागा सांगायची नाही, तो मी मोडणार नाही. पण ख्रिसमसला घरात सगळ्यांना सांगून बसलोय की जागा बाबाला दाखवणार. तुमच्या पत्राखाली सही बाबाची आहे. त्यामुळे माझाही शब्द खाली पडत नाही.

येत्या रविवारी सकाळी टिटवाळा स्टेशनला तिकीट खिडकीपाशी या. मी निळी टोपी घालून असेन. मला हाक मारू नका, ऐकू येणार नाही, खांद्याला हात लावा. काठी मी आणतो. डोहावर उतरायला पायऱ्या नाहीत, गुडघ्याची काळजी नको.

युजीन


टिटवाळा स्टेशन
१९ जानेवारी २०२५, संध्याकाळी

दर्शना बाय,

हे पत्र टपालात न टाकता बाबाच्याच हाती देतोय. शाळेत मास्तर पोराच्या हातून घरी चिठ्ठी पाठवतात तशी. आम्ही बाकावर बसलोय, तो माझ्या शेजारी आहे आणि मी काय लिहितो ते बघायचं नाही असं त्याला बजावलंय. तो बघतोय.

बाबा शहाण्यासारखा बसला. टोपी होती. गोड दिलं नाही, चहा पण बिनसाखरेचा पाजला. कॉलर मी एकदा धरली, उतारावर. मग खाली दगडांत त्याने माझी धरली, कारण माझाच पाय घसरला.

डोहावर गेल्यावर त्याने गळ टाकला नाही. तू लिहिलं होतंस तसाच बघत राहिला. मी मनात म्हटलं, आता हा काय बोलतो. मला त्याची भीती वाटत होती, बाय. एवढ्या वर्षांची माझी जागा, आणि तिच्याबद्दल बोलायचा हक्क असलेला पहिलाच माणूस शेजारी उभा. त्याने ओंजळीत पाणी घेतलं, तोंडात धरलं आणि गिळलं. मग माझ्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाला, "जागं आहे." मला ते लख्ख ऐकू आलं.

त्यानंतर आम्ही दुपारपर्यंत एक शब्द बोललो नाही. अशी सोबत मला पुष्कळ दिवसांत मिळाली नव्हती. मोठी काठी मी आणली होती, पण त्याने बियांकाचीच मागितली. सदुसष्ट वर्षांचा माणूस, हातात पोराची काठी, टोकाला बारका गळ. पलीकडून जाणारा एक गुराखी उभा राहून बघत होता. आणि त्या बारक्या गळाला रोहू लागला. तंगूस तुटेल म्हणून मी जाळी घेऊन पुढे झालो, तर त्याने हाताने थांब म्हटलं. माशाला त्याने ओढलं नाही. फिरू दिलं, दमू दिलं, आणि तो आपण होऊन काठाला आला. मी पुष्कळ चांगले हात पाहिलेत. हा हात त्या सगळ्यांच्या वरचा आहे. मासा बाहेर आला तेव्हा बाबाने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मी तिथेच होतो.

काठी आता त्याचीच. बियांकाला मी कळवेन, ती समजूतदार आहे. ती काठी त्याने सोबत घेतली नाही, माझ्याकडेच राहू दे म्हणाला. इथून पाण्याला जायचं तर माझ्याकडूनच सोयीचं पडतं, असं त्याचं म्हणणं. बावीस तारखेच्या तिकिटाचं काय, हे मी विचारलं नाही. ते तुझं तू विचार. पण तुला एक सांगून ठेवतो.

मासे न्यायला आमच्याकडे काही नव्हतं. माझी जाळी ओली, प्लॅस्टिक मी नदीवर नेत नाही. बाबा ती त्याची कापडी पिशवी खांद्याला लावून आला होता, सवयीने भरलेली. त्याने पिशवीतले कपडे बाहेर काढले, एक सदरा अंगातल्या सदऱ्यावर चढवला, दुसरा मला दिला, कारण माझा घसरताना भिजला होता. आणि रिकाम्या पिशवीत ओलं गवत घालून रोहू ठेवला, वर मी धरलेल्या दोन शिंगट्या. मी म्हटलं, अहो, पिशवी खराब होईल. तो म्हणाला, "होऊ दे."

रोहूच्या डोक्याचं कालवण कर, चिंच कमी घाल. आणि पिशवी धुवून बघ हवी तर. तिला वास लागलाय, बाय. तिच्यात आता कपडे भरता येणार नाहीत.

युजीन